एका दिशेला वळलेली माणसे

भाद्रपद लागण्याच्या थोडे आधी आमच्या समता कॉलोनीतल्या रस्त्याच्या कडेला बांबूंचे भारे येऊन पडतात, आणि मग एखाद्या ढगाळ दुपारी मंडप घालणारी माणसे सुतळीचे गुंडे काखेत मारून खांबांवर चढू लागली, की मी हातातले काम तसेच ठेवून गॅलरीत येऊन उभी राहते. दुर्गजवळच्या थनौदच्या मूर्तिकारांच्या अंगणात गणपतीची माती अजून ओली असते, व्यासपीठाच्या फळ्या अर्ध्याच ठोकलेल्या असतात, दिव्यांच्या माळा पोत्यातून बाहेरही पडलेल्या नसतात; परंतु समोरच्या मोकळ्या जागेत पहिली सतरंजी उलगडली जाते न जाते तोच आसपासच्या घरांतली पोरे धावत येतात आणि त्या रिकाम्या फळ्यांकडे तोंड करून बसतात. त्यांना कोणी बसा म्हटलेले नसते आणि पाहण्यासारखेही तिथे काही नसते. तरी धाकटी पुढे, थोरली मागे, आणि अगदी कडेला कुणाचे तरी बोट धरून उभे राहिलेले एखादे बुजरे मूल, अशी रचना आपोआप होऊन जाते. थोडा वेळ कुजबुजून ती उठून जातात. नाटकाला लागणाऱ्या गोष्टींपैकी सर्वांत जुनी कोणती असावी, पडदा, दिवा, मुखवटा, की ही एका दिशेला वळलेली माणसे, याचा विचार करीत मी मात्र दिवेलागणीपर्यंत तिथेच रेंगाळते.

परगावी गेले की तिथले नाट्यगृह पाहिल्यावाचून माझे पाऊल निघत नाही. ही ओढ वडिलांकडून आली. ते कोल्हापुरास मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि सरकारी कामाने ज्या पेठेच्या गावी मुक्काम पडे तिथे संध्याकाळी दप्तर बांधून झाले की ते गावातल्या थिएटराकडे वळत. खेळ असला तर तिकीट काढीत, नसला तर रखवालदाराशी बोलून आत डोकावून येत. देवळे, किल्ले, बाजार हे सारे प्रवाशाने पाहावे, यात शंका नाही. देवळात गावाची श्रद्धा दिसते, बाजारात त्याची भूक दिसते. पण एखादे गाव काय ऐकून गहिवरते, कुठल्या जागी हसते आणि कुठल्या जागी श्वास रोखून धरते, हे कळून घ्यायचे तर त्या गावच्या लोकांत, त्यांच्याच रांगेत, अंधारात जाऊन बसले पाहिजे. म्हणून दिवसा, तिकीट फाडून, दोराच्या पलीकडून दाखवली जाणारी नाट्यगृहे पाहून माझे समाधान होत नाही. कोरीव कमानी दिसतात, छताचा सोनेरी गिलावा दिसतो, खुर्च्यांवरचे मखमल दिसते. मात्र ती वास्तू ज्याच्याकरिता उभारली ते तेवढे तिथे नसते.

रायपूरला ऑपेरा हाउस नाही. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा ही उणीव मला फार जाणवली, आणि कोल्हापूरच्या मुलीचा अभिमान मनात असल्यामुळे ती मी बोलूनही दाखवली असावी. सासरचे घराणे नागपूरकर भोसल्यांच्या अंमलात इकडे आलेले. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले, त्यानंतर सुभे आले, परगण्यांची जमाबंदी आली, आणि तिच्या मागोमाग मोडी लिहिणारे कारकून आपापले देव आणि दौती घेऊन आले. त्यांच्यापैकी कुणा एकाचे आम्ही वंशज. तात्यापाऱ्यातले जुने घर सोडून समता कॉलोनीत बिऱ्हाड केले तरी सासूबाईंच्या मराठीत छत्तीसगढीचा गोडवा तसाच राहिला. चौबे कॉलोनीतले महाराष्ट्र मंडळ आमच्या घरापासून पायी जाण्याइतके जवळ. १९३५ पासून या संस्थेने इथल्या मराठी माणसांना एकत्र बांधून ठेवले आहे. तिथल्या सभागृहात हौशी मंडळींचे नाटक पाहताना प्रेक्षकांतल्या निम्म्या लोकांना संवाद आधीच पाठ असतात, कारण तालमी त्यांच्याच घरांत झालेल्या असतात. पहिल्या वर्षी मी सासूबाईंना विचारले, की तुमच्या लहानपणी इथे नाटक कुठे होत असे. त्यांनी जरा विचार करून सांगितले, “नाटक क्वचितच व्हायचं गं. आम्ही नाचा बघायचो. बसायला बोरा आपला आपण न्यायचा, आणि घरी पहाटे यायचं.” नाचात पाहण्यासारखे काय असते, या माझ्या पुढच्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, “अगं, रात्र बघायची!”

त्या उत्तराचा अर्थ पुष्कळ वर्षांनी, धमतरीकडच्या एका गावात, माघाच्या थंडीत कळला. धान घरात आलेले होते. गावाच्या मधोमध चार खांबांवर चांदवा बांधलेला, खाली जमीनच रंगभूमी, तिच्या तीन बाजूंना लोक आणि चौथीकडे पेटी, तबला, मंजिरा घेऊन बसलेले वादक. पूर्वी मशालीच्या उजेडात उभ्यानेच वाजवीत आणि गात. मग पेट्रोमॅक्स आला, मग वीज आली. परी होऊन आलेला पुरुष इतक्या सहज पदर सावरी, की माझ्या शेजारची म्हातारी त्याला पाहून आपलाही पदर सावरून घेई. जोक्कड येई, सावकाराची नक्कल करी, आणि खरा सावकार पुढे बसलेला असे तर सगळे गाव आधी त्याच्याकडे बघे आणि मग हसे. या खेळाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रवेलीच्या दाऊ मंदराजींनी घडी बसवून दिली, आपली मालगुजारी त्यापायी झिजवली, आणि त्यांच्या साजातून पुढच्या पिढीचे नट निघाले.

त्या नटांना जगापुढे नेणारा माणूस रायपूरचाच. हबीब तन्वीर १ सप्टेंबर १९२३ रोजी इथे जन्मले, इथल्या लॉरी म्युनिसिपल हायस्कुलात शिकले, नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेऊन मुंबईला गेले आणि पुढे विलायतेत नाट्यशिक्षण घेऊन आले. तिकडून परतल्यावर १९५८ साली त्यांनी शूद्रकाचे मृच्छकटिक ‘मिट्टी की गाडी’ या नावाने उभे केले तेव्हा त्यात सहा छत्तीसगढी नाचा कलावंत होते. त्याच नाटकाचे देवलांनी केलेले मराठी रूप आम्ही कोल्हापुरास पदांसकट ऐकत मोठे झालो होतो. आणि तीच वसंतसेना इथल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी निराळ्याच ठेक्यावर आणली, याचे मला आजही नवल वाटते. १९७३ मध्ये तन्वीरांनी रायपुरातच नाचाची कार्यशाळा घेतली. १९७५ चा ‘चरणदास चोर’ तर १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात गौरवला गेला. मदन निषाद, लालूराम, ठाकुरराम, भुलवाराम, फिदाबाई ही नावे सासूबाई घरातल्या माणसांची घ्यावीत तशी घेतात. या कलावंतांच्या जवळ घडवलेली रंगभूमी नव्हती, ते जिथे उभे राहत तिथे ती होत असे, आणि परदेशच्या मंचावरही त्यांनी गावातली ती तीन बाजूंनी लोक बसलेली जमीनच बरोबर नेली असणार, असे मला वाटते. रायपूरला येणाऱ्या पाहुण्यांना मी हल्ली १८७५ साली स्थापन झालेले महंत घासीदास संग्रहालय दाखवायला नेते, पण शक्यतो संध्याकाळी आणि आवारातल्या मुक्ताकाशी मंचावर काही कार्यक्रम असेल अशाच दिवशी. एका बाजूस शिलालेख आणि दुसऱ्या बाजूस पंडवानीचा तंबुरा, असा योग सहसा कुठे जुळून येत नाही.

नाचाची सख्खी भावंडे सरहद्दीच्या पलीकडे, आपल्याच मराठी मुलखात आहेत. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या प्रदेशातल्या झाडीपट्टीला दंडार आणि खडी गंमत ठाऊक होतीच. त्यांच्या अंगाखांद्यावर तिथले संगीत नाटक वाढले. आमच्याकडून राजनांदगावावरून निघाले, कोहमाऱ्याला डावीकडे वळले, नवेगावबांध मागे टाकले, की वडसा येते, आणि दिवाळीनंतर या गावात एकामागून एक नाटक कंपन्यांच्या पाट्या दिसू लागतात. दिवसा शंकरपटात बैलजोड्या धावतात, मंडईत पाहुणे जमतात, आणि रात्री दहाच्या पुढे शेतात उभारलेल्या शामियान्यात नाटक सुरू होऊन ते पहाटेपर्यंत चालते. पुण्यामुंबईत नाटक पडत्या काळातून चालले आहे असे लेख मी जेव्हा वाचते तेव्हा मला त्या शामियान्यातली, पोराला मांडीवर निजवून स्वतः टक्क जागी असलेली बाई आठवते. मराठी नाटकावर प्रेम करणाऱ्याने एकदा तरी ती रात्र तिथे काढावी. पांघरूण जाडच न्यावे, कारण पहाटेचे दव शामियान्याच्या कापडातूनही झिरपते.

इथवर मी म्हणत आले, की या मुलखात बांधलेली रंगशाळा नाही. पण सर्वांत जुनी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती याच राज्यात आहे. सरगुजा जिल्ह्यात, बिलासपूरहून अंबिकापूरला जाताना उदयपूरजवळ, रामगढचा डोंगर आहे. हाथीपोल नावाच्या नैसर्गिक बोगद्यातून, वाहत्या पाण्याच्या काठाने आपण पलीकडे जातो, आणि समोर खडकात कोरलेली सीताबेंगा गुंफा दिसते. तिच्या तोंडाशी जमिनीत दोन भोके आहेत, बाहेरच्या खडकावर अर्धवर्तुळाकार बैठका खोदल्या आहेत, आणि भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांतल्या दोन ओळींत कवींचा आणि वसंतातल्या पौर्णिमेच्या उत्सवाचा उल्लेख असल्याचे विद्वानांनी वाचले आहे. शेजारच्या जोगीमारा गुंफेतल्या लेखात सुतनुका नावाच्या देवदासीवर वाराणसीच्या देवदिन्न नामक रूपदक्षाचे प्रेम होते एवढे नोंदले आहे. दोन हजारांहून अधिक वर्षे ही प्रीती दगडावर उघड्यावर वाचायला ठेवलेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पुरातत्त्व खात्याच्या थिओडोर ब्लॉख यांनी सीताबेंगा ही नाट्यशाळाच असावी, त्या भोकांत पडद्याचे खांब रोवीत असावेत, असे मत मांडले. सर्वांना ते पटले नाही. याच डोंगराला काही जण मेघदूतातला रामगिरी मानतात. आमच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मात्र तो मान विदर्भातल्या रामटेकास दिला. मिराशींच्या पांडित्यापुढे मी नम्र आहे. तरीही आषाढाच्या पहिल्या दिवशी रामगढावर महोत्सव भरतो, आणि साल वृक्षांवर मेघ उतरलेले असतात, तेव्हा निर्णयाची मला घाई वाटत नाही.

गुंफेच्या तोंडाशी उभी असताना मला भरतमुनींचे एक विधान आठवले. नाट्यमंडप पर्वतातल्या गुहेच्या आकाराचा असावा, आत वारा खेळू नये, म्हणजे आवाजाला गांभीर्य येते, असे नाट्यशास्त्र सांगते. मनुष्यांसाठी चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद एवढाच मंडप योग्य, त्याहून मोठा केला तर नटाचा शब्द विरतो आणि मुखावरचे भाव मागच्याला दिसत नाहीत, हेही त्यातच आहे. हे ज्याने लिहिले तो शेवटच्या रांगेत बसून आलेला असला पाहिजे. मागच्या माणसाची एवढी चिंता ज्या शास्त्राने वाहिली त्याच्याविषयी मला अपार आदर वाटतो. आज नगरपालिका हजारो आसनांची सभागृहे बांधतात, दोन्ही बाजूंना ध्वनिक्षेपकांचे मनोरे उभारतात, आणि शेवटच्या रांगेत बसलेल्याला नटाचा चेहरा दिसेनासा होतो. तेव्हा अभियंत्यांना एकदा सीताबेंग्याला नेऊन त्या दगडी बैठकांवर बसवावे असे मनापासून वाटते.

खैरागढचा उल्लेख थोडक्यात करते, कारण तिथे पाहण्यापेक्षा ऐकण्यासारखे अधिक आहे. तिथल्या राजा वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी यांची कन्या इंदिरा अकाली गेली. तिच्या नावाने १९५६ साली त्यांनी संगीत आणि कलेचे विश्वविद्यालय काढले आणि त्याकरिता आपला राजवाडा दिला. पहिले कुलगुरू होते भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. जिथे एके काळी मुजरे झडले त्या दालनांतून आता एकाच वेळी चार खोल्यांतले चार राग व्हरांड्यात येऊन मिसळतात, आणि तरीही कानाला त्याचा त्रास होत नाही.

भारतात खऱ्या अर्थाने ऑपेरा हाउस म्हणावे असे एकच उरले आहे, आणि ते मराठी माणसाच्या गिरगावच्या वेशीवर आहे. बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांनी ते उभारायला घेतले. १९११ साली बांधकाम पुरे झाले नसतानाच पंचम जॉर्ज बादशहांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. विलायती मंडळींच्या करमणुकीसाठी सजवलेल्या त्या मंचावर पुढे बालगंधर्व गायले, मास्टर दीनानाथ गायले, पृथ्वीराज कपूरांची नाटके झाली. मग तिथे सिनेमा आला, आणि १९९३ मध्ये दारे बंद झाली. तेवीस वर्षांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जुनी कळा परत मिळवून ते उघडले आणि पहिल्या रात्री मुंबईतच जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या. मी गेले तेव्हा शास्त्रीय गायनाची बैठक होती. ससून घराण्याकडून आलेली झुंबरे, कवी आणि नाटककारांची आठवण ठेवणारा घुमट, हे सर्व मी डोळे भरून पाहिले खरे; परंतु षड्ज लागला आणि तो गोल सज्ज्यांवरून फिरून परत माझ्यापाशी आला, तेव्हाच त्या घराची ओळख पटली.

मुलीच्या नोकरीच्या निमित्ताने व्हिएन्नाला राहणे झाले तेव्हा तिथल्या ऑपेराची उभ्याने पाहायची स्वस्त तिकिटे आम्ही काढली. जागा धरून ठेवण्यासाठी कठड्याला रुमाल बांधायचा, आणि मग निर्धास्तपणे पाणी पिऊन यायचे, असा तिथला रिवाज. कुणी दुसऱ्याचा रुमाल सोडीत नाही. आम्ही बांधलेल्या नऊवारीच्या पट्टीकडे शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी कौतुकाने पाहिले. खालच्या मखमली आसनांवरची मंडळी मध्यंतरात उठली, तेव्हा आमच्या या उभ्या रांगेत मात्र हातात स्वरलिपी धरून ऐकणारी पोरे होती. त्या घराची हकीकत ऐकून मन फार हळवे झाले. फान डेर न्यूल आणि सिकार्ड्सबुर्ग हे त्याचे दोन शिल्पकार. बांधकाम चालू असतानाच लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर टीकेचा एवढा भडिमार केला, की पहिल्याने १८६८ मध्ये आत्महत्या केली. दुसराही त्यानंतर काही आठवड्यांतच निवर्तला. २५ मे १८६९ रोजी दारे उघडली तेव्हा दोघांपैकी कोणी नव्हता. सिडनीचे जगप्रसिद्ध ऑपेरा हाउस रचणारे उट्झोन १९६६ साली वादाला कंटाळून काम सोडून गेले ते पुन्हा कधी परतले नाहीत. आपली पुरी झालेली वास्तू त्यांनी डोळ्यांनी पाहिली नाही. आणि पुण्याच्या रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली ज्यांनी स्वतःच्या हातांनी बसवली ते बालगंधर्व १९६७ मध्ये गेले, रंगमंदिर उघडले १९६८ च्या जूनमध्ये. नाट्यगृहांच्या नशिबी हे असे पुन्हा पुन्हा का यावे, मला सांगता येत नाही. ती ज्यांच्यासाठी उभारली जातात ते बहुधा अजून जन्मलेलेही नसतात, एवढेच दिसते.

व्हिएन्नाच्या त्या घरावर १२ मार्च १९४५ रोजी बॉम्ब पडले. पुढचा दर्शनी भाग आणि जिना तेवढा वाचला, प्रेक्षागृह आणि रंगमंच जळून गेले. दहा वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९५५ रोजी, बेथोवेनच्या ‘फिडेलिओ’ने ते पुन्हा उघडले. तारीख ऐकून मी चमकले. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले त्याची आठवण म्हणून मराठी माणसे रंगभूमीचा दिवस पाळतात तो हाच. कठड्याशी उभ्या असलेल्या त्या गृहस्थांना मी मुलीकरवी हे सांगितले, आणि त्यांनी सांगली हा शब्द दोनदा उच्चारून पाहिला.

त्या वेळी मला कल्पना नव्हती, की जळलेले नाट्यगृह माझ्याही वाट्याला यायचे आहे. शाहू महाराज १९०२ साली विलायतेस गेले असता त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि कोल्हापुरास परतल्यावर आधी खासबागेचे कुस्तीचे मैदान आणि मग त्याच्या पाठीला पाठ लावून १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर उभारले. एकीकडे मल्ल आणि दुसरीकडे गवई, दोघांनाही दरबाराची सारखीच माया, असा तो काळ होता. पुढे या थिएटराला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. वडील मला तिथे नेत तेव्हा त्यांचा एक नियम असे: नांदीच्या आधी अर्धा तास आत जाऊन बसायचे आणि बोलायचे नाही. तो अर्धा तास मला त्या वयात फार लांब वाटे. रंगमंचामागून पेटीचा एखादा सूर, खिळा ठोकल्याचा आवाज, रंगाचा आणि उदबत्तीचा मिसळलेला वास, शेजारच्या काकूंच्या गजऱ्यातली फुले, आणि हळूहळू भरत जाणाऱ्या रांगा. गावातले वकील, तालमीतले पैलवान, गुळाचे व्यापारी, शाळामास्तर, सगळे एकेक करून येत आणि त्या एकाच पडद्याकडे तोंड करून बसत.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या वास्तूला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. इथे रायपुरात, श्रावणाच्या पावसात, मी फोनच्या एवढ्याशा काचेवर त्या ज्वाळा पाहिल्या. छप्पर कोसळले, रंगमंच गेला, दगडी भिंती राहिल्या. गावातले लोक रात्रीच रस्त्यावर येऊन उभे होते. त्यांत पांढऱ्या केसांचे नट होते, पडदे ओढणारी माणसे होती, आणि कधीही नाटक न केलेले, फक्त पाहिलेले असेही पुष्कळ असणार. भावाला फोन केला तर त्याला बोलता येईना. सासूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. आमच्या नाचाला जळायला काही नव्हते, असे काहीही त्या म्हणाल्या नाहीत; त्यांनी माझा हात हातात घेतला आणि ते थिएटर कसे होते ते मला पहिल्यापासून सांगायला लावले. मी सांगत गेले. पहाट झाली.

पुन्हा उभारणीचे काम हाती घेतले गेल्याची बातमी आली, तेव्हापासून आमच्या मंडळातल्या नाट्यप्रेमींत एक चर्चा चालते. तिथला पहिला प्रयोग कोणता व्हावा? व्हिएन्नाने बंदिवासातून सुटकेची कथा निवडली. आमच्यातले जुने जाणते म्हणतात ‘मानापमान’. कारण ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर एकाच मंचावर उभे राहिले, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ऐन तिशीत, केशवराव गेले. तरुणांचे म्हणणे, की कोल्हापूरच्या एखाद्या नव्या लेखकाचे, आज लिहिलेले नाटक करावे. जुन्या पदांच्या कुबड्या नव्या घराला कशाला. मला दोन्ही पक्ष पटतात. सासूबाईंचे मत निराळेच आहे. नाटक कोणतेही करा, त्या म्हणतात, पण पहिल्या रांगेत गवंडी, सुतार आणि बिगारी यांना बसवा. ज्यांनी बांधले त्यांनी आधी बघावे.

भावाला मी हे कळवले आहे. त्याच्या ओळखीची हौशी मंडळी सध्या एका शाळेच्या वर्गात, बाके भिंतीला लावून, राज्य नाट्य स्पर्धेची तालीम करतात असे तो म्हणाला. दिवाळीनंतर मी कोल्हापुरास जाणार आहे. जाताना वाट वाकडी करून वडशाला एक रात्र नाटक बघावे, अशी सासूबाईंची सूचना आहे. त्यांच्या गुडघ्यांना इतका वेळ खाली बसणे सोसेल का, आणि न सोसले तर शामियान्यात पाठीची खुर्ची मिळेल का, हे विचारायला कुणाला तरी आधी फोन करावा लागेल.